बंद खोली, एसी आणि रीफ टँकचा उतरलेला पीएच

प्रश्न परभणीहून आला आहे. हॉलमध्ये २०० लिटरचा रीफ टँक (प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी), खाली सम्प (पाणी गाळायची जोडटाकी), एक स्किमर (हवेच्या बुडबुड्यांनी घाण फेसासोबत वरच्या कपात काढणारे यंत्र), मऊ प्रवाळांसोबत थोडे कडक प्रवाळ. मार्चपर्यंत पीएच ८.० ते ८.२ असायचा, एप्रिलपासून सकाळी ७.६५ आणि संध्याकाळी फार तर ७.९. दुकानदाराने दिलेली बफर पावडर तीन आठवडे टाकून अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, डीकेएच या एककात) ८ वरून १०.८ डीकेएचला गेली, पीएच मात्र जिथल्या तिथे. आता पावडरचा डोस वाढवायचा का?

नाही. पावडर आजच बंद करा. एप्रिलमध्ये टाकीत काही बदललेले नाही, घरात बदलले आहे. उन्हाळा लागला, एसी सुरू झाला, दारे-खिडक्या बंद झाल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे चालले आहे.

समुद्राच्या पाण्याचा पीएच मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: अल्कलिनिटी किती आणि पाण्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड किती. हा वायू खोलीतल्या हवेतून पाण्यात येतो-जातो, आणि स्किमर-सम्प व्यवस्थित चालू असतील तर पाणी काही तासांत खोलीच्या हवेशी जुळवून घेते. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०) असतो. अल्कलिनिटी ८ डीकेएच असेल तर अशा हवेत पीएच साधारण ८.२ राहतो. खोलीत १००० पीपीएम झाले की ७.९ च्या आसपास, आणि २००० झाले की ७.६. म्हणजे वायू दुप्पट झाला की पीएच जवळजवळ ०.३ ने उतरतो. हाच ०.३ अल्कलिनिटी वाढवून परत मिळवायचा म्हटले तर ती ८ वरून १६ च्या वर न्यावी लागेल, आणि त्या पातळीवर प्रवाळांना इजा होऊ शकते. तुम्ही २.८ डीकेएच चढवलेत, त्याचा फायदा जेमतेम ०.१. मीटरच्या चुकीतच तो विरून जातो.

खोलीत वायू एवढा साठतो कसा, याचा हिशोब करून बघा. १२ बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे ४१ हजार लिटर हवा. झोपलेला एक माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. मे महिन्यात एसी एकाच खोलीत असतो, म्हणून सगळे घर तिथेच अंथरुणे टाकते. त्यात सुट्टीला आलेली भाचरे. चार माणसे धरली तरी हवा अजिबात बदलली नाही तर दर तासाला हजाराच्या वर पीपीएमची भर पडते. फटींतून थोडी हवा खेळते म्हणून आकडा एवढा चढत नाही, पण पहाटेपर्यंत २००० ओलांडणे अवघड नाही. स्वयंपाकघर हॉललाच जोडलेले असेल तर गॅसच्या ज्योतीचा वायूही त्यात येतो. टाकीतले शेवाळ आणि प्रवाळांमधली झूक्झँथेली (त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले) रात्री प्रकाशसंश्लेषण करत नाहीत, फक्त श्वसन करतात. त्यामुळे रोजचा सर्वांत कमी आकडा सकाळी टाकीचे दिवे लागण्याच्या आधी दिसतो. दिवसरात्रीत ०.२ ते ०.३ चा फरक कुठल्याही टाकीत असतो, त्याची काळजी नको.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतो हा गैरसमज फार पसरलेला आहे. बाहेरचे युनिट फक्त उष्णता बाहेर टाकते. खोलीतली हवा तीच ती फिरत राहते. आपला डेझर्ट कूलर याच्या बरोबर उलट. तो बाहेरची हवा खेचून आत ढकलतो आणि आतली हवा दारा-खिडकीतून बाहेर जाते. म्हणून कूलरच्या घरात पीएच चांगला राहतो आणि एसीच्या घरात पडतो, टाकी तीच असली तरी. कूलरची दोन दुखणी मात्र आहेत. एक, खोलीतला दमटपणा वाढतो, टाकीचे बाष्पीभवन घटते आणि पाणी तापू लागते. दुसरे जास्त धोक्याचे: कूलरच्या टाकीत डास होऊ नयेत म्हणून घासलेट किंवा अळीनाशक टाकायची सवय. कोळंबी आणि प्रवाळ असलेल्या खोलीत हे चालणार नाही. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला, पॅड धुवा, औषध नको.

हे सगळे खरे की नाही, ते मापून ठरवा. त्याआधी मीटर. पीएच मीटर ७.०० आणि १०.०१ या दोन बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणांवर) कॅलिब्रेट करा; ४ चा बफर रीफसाठी लागत नाही. बफर छोट्या कपात ओतून घ्या, वापरलेला पुन्हा बाटलीत ओतू नका. १० चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू उतरतो, त्यामुळे वर्षभर उघडी राहिलेली बाटली फेकून द्या. त्या बाटलीवर कॅलिब्रेट केलेला मीटर टाकीचा आकडा खोटा दाखवतो. प्रोब (मीटरचे पाण्यात बुडणारे टोक) आरओच्या पाण्यात ठेवला तर लवकर मरतो, साठवणीच्या पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणातच ठेवा. प्रोबचे आयुष्य साधारण एक-दोन वर्षे. सुई स्थिरावायला मिनिटाच्या वर वेळ लागू लागला की तो संपला. क्षारता (म्हणजे मिठाचे प्रमाण, अल्कलिनिटी नव्हे) ३५ आहे याचीही खात्री करा, कारण पाणी फिके असेल तर अल्कलिनिटी मुळातच कमी असते.

आता ग्लासची परीक्षा. टाकीतले अर्धा लिटर पाणी ग्लासात घ्या, पीएच लिहून ठेवा. ग्लास गॅलरीत किंवा गच्चीवर सावलीत नेऊन एअर पंपाने तासभर बुडबुडे सोडा आणि पुन्हा मापा. दुसऱ्या ग्लासातही तसेच तासभर बुडबुडे सोडा, पण हॉलमध्ये, दारे बंद ठेवून. हे सकाळी सातच्या आत करा. दुपारी ४२ अंशांच्या झळांत ग्लास तापून आकडे बिघडतात. बाहेर पीएच चढला आणि आत चढला नाही, तर दोष खोलीच्या हवेचा. दोन्हीकडे चढला, तर खोली ठीक आहे, टाकीत हवा-पाण्याची गाठच नीट पडत नाही: पृष्ठभाग साचलेला, स्किमरची हवेची नळी मिठाने बुजलेली, टाकीवर काचेचे झाकण. दोन्हीकडे चढला नाही, तर आधी अल्कलिनिटी तपासा. ती ७ च्या खाली असणार. तुमची १०.८ आहे, म्हणून हा तिसरा निकाल तुमच्याकडे यायला नको. आलाच तर मीटर किंवा टेस्ट किट यापैकी एक चुकतेय.

कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्यायचा असेल तर एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने वायू थेट मोजणाऱ्या) सेन्सरचाच घ्या. स्वस्तातले बरेच मीटर इतर वायूंवरून अंदाज बांधून आकडा दाखवतात. फोडणीचा धूर झाला तरी तो उड्या मारतो.

उपायांत पहिला आणि फुकटचा, म्हणजे खिडकी. एसी चालू असतानाही एक खिडकी दोन-तीन इंच उघडी ठेवा आणि समोरच्या बाजूचा एक्झॉस्ट फॅन, अगदी बाथरूमचाही चालतो, कमी वेगावर लावा. थंडावा थोडा जातो, विजेचे बिल थोडे वाढते. मराठवाड्यात मे महिन्यातही पहाटे हवा बरीच उतरते, तेव्हा चार ते सात या वेळात एसी बंद करून खिडक्या सताड उघडा. पीएच सर्वांत खाली असतो तोही हाच वेळ, त्यामुळे गोष्ट दोन्ही बाजूंनी जमते. डासांची जाळी असू द्या. कॉइल आणि लिक्विडची मशीन टाकीच्या खोलीत नको.

त्याहून चांगला विचार असा: टाकीसाठी एसी लागतोच का? आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असते. सम्पवर आणि टाकीच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे दोन छोटे फॅन पाणी खोलीच्या तापमानापेक्षा तीन-चार अंशांनी खाली ठेवू शकतात. खोली ३० वर असली तरी टाकी २७ ला राहते. किंमत बाष्पीभवनात मोजावी लागते, २०० लिटरच्या टाकीतून रोज चार-पाच लिटर. तेवढे आरओचे पाणी आणि चालू स्थितीतला ऑटो टॉप-अप (उडालेले पाणी आपोआप भरणारी सोय) हवा, नाहीतर क्षारता दोन दिवसांत वर जाईल. पावसाळ्यात ही युक्ती निकामी होते, पण तेव्हा गरजही कमी असते.

पाण्याबद्दल एवढेच, की बोअरचे आणि टँकरचे पाणी जड असते आणि घरातल्या पिण्याच्या आरओत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज बसवलेले असते. ते कच्चे पाणी किंवा खनिजे मिसळून टीडीएस मुद्दाम वर ठेवते. टाकीसाठी मेम्ब्रेननंतर लगेच वेगळा फाटा काढून त्याला डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारा गाळक) जोडा, टीडीएस शून्य हवा. अशा पाण्याचा पीएच ६ च्या आसपास दिसला तर घाबरू नका. त्यात पीएच धरून ठेवणारा बफरच नसल्याने त्या आकड्याला अर्थ नाही आणि टाकीचा पीएच त्याने पडत नाही.

खिडकी जमत नसेल तर स्किमरला बाहेरची हवा पाजा. स्किमरच्या हवेच्या तोंडाला नळी जोडून ती खिडकीच्या चौकटीतून बाहेर काढायची, बस. चुका होतात त्या बारीकसारीक. नळी लांब आणि बारीक असेल तर स्किमर हवा कमी ओढतो आणि फेस बसतो. दोन मीटरच्या पुढे जायचे असेल तर आतून १०-१२ मिलिमीटरची नळी घ्या आणि स्किमरच्या अगदी जवळ येऊन बारीक करा. बाहेरचे तोंड खाली वळवा, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. त्यावर बारीक जाळी बांधा, नाहीतर गांधीलमाश्या आणि मुंग्या घर करतात. तोंड सावलीच्या भिंतीवर ठेवा. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टजवळ किंवा जनरेटरजवळ नको. आणि आपल्या भागातली खास अडचण: घर शेताच्या कडेला असेल तर जुलैपासून कापूस-सोयाबीनवर फवारणी चालू होते. नगरपालिकेची डासांसाठीची धूर फवारणीही त्याच महिन्यांत येते. त्या दिवशी नळी स्किमरवरून काढायची, दुसऱ्या दिवशी परत लावायची. कीटकनाशकाचा अंश थेट पाण्यात बुडबुड्यांनी मिसळणे याहून वाईट काही नाही. या नळीने साधारण ०.१ ते ०.२ मिळतात. स्किमर लहान असेल तर त्याहून कमी.

सोडा लाइमचा स्क्रबर (हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारा डबा) हा पुढचा टप्पा. भूल देण्याच्या यंत्रात वापरतात तेच दाणेदार, रंग बदलणारे सोडा लाइम डब्यात भरून हवा त्यातून ओढायची. एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: या दाण्यांना थोडा ओलावा लागतो. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते सुकतात, आणि रंग पुरता न बदलताच काम थांबवतात. म्हणून हवा खोलीतून न घेता स्किमरच्या कपाच्या झाकणातून परत फिरवा. ती हवा दमट असते, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड आधीच कमी झालेला असतो, त्यामुळे दाणे बरेच जास्त टिकतात. मात्र कपातले पाणी नळीत चढू देऊ नका. भिजलेले सोडा लाइम कास्टिक चिखल होते. दाण्यांची भुकटी उडते ती डोळ्यांना आणि टाकीला दोघांनाही वाईट, तेव्हा डब्याच्या दोन्ही टोकांना स्पंज हवा.

आता चुन्याची निवळी. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे हे संतृप्त द्रावण कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही देते आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन पीएच वर आणते. एका लिटर आरओच्या पाण्यात २ ग्रॅम टाका, हलवा, झाकण घट्ट लावून पाच-सहा तास बसू द्या. दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळते, उरलेले तळाशी बसते. तळापासून दोन-तीन सेंटिमीटर सोडून वरची नितळ निवळी वापरा. एअर पंपाने ढवळायचे नाही, हवेतल्या वायूशी मिळून तिचा खडू होतो. पानाला लावायचा चुना किंवा रंगकामाचा चुना नको, त्यात काय मिसळले आहे आणि किती भाग आधीच खडू झाला आहे ते कळत नाही. खाद्य दर्जाची किंवा प्रयोगशाळेची कोरडी पावडर घ्या. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. हातमोजे घाला, बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो की टॉप-अपचे सगळे पाणी निवळीनेच भरा. दमट हवेच्या गावांत ते चालून जाते, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नाही. एक लिटर पूर्ण तीव्रतेची निवळी २०० लिटरमध्ये सुमारे ०.५७ डीकेएचची भर घालते. रोज चार लिटर उडाले आणि चारही लिटर निवळी गेली तर दिवसाला २.३ डीकेएच. तुमच्या टाकीची भूक (रोज खाल्ली जाणारी अल्कलिनिटी) फार तर त्याच्या पाव असेल. आठवड्यात सम्पच्या पंपावर पांढरा थर आणि हीटरवर खडू दिसेल. म्हणून आधी भूक मापा: सगळे डोस थांबवून आज आणि बरोबर २४ तासांनी अल्कलिनिटी पहा. समजा ०.६ उतरली, तर रोजची निवळी साधारण एक लिटर. तेवढीच वेगळ्या बाटलीतून डोसिंग पंपाने, रात्री दहा ते सकाळी आठ, तासाला १०० मिली, सम्पमध्ये जिथे पाणी जोरात वाहते तिथे. टॉप-अपमध्ये साधे आरओचे पाणीच. नळीचे टोक पाण्याच्या पातळीच्या वर लटकवा, नाहीतर सायफन होऊन रात्रीत पूर्ण बाटली टाकीत उतरेल. डोसिंग पंपाची नळी महिन्यातून एकदा व्हिनेगरने धुवा, खडू साठून ती बुजते.

चुकून जास्त गेलीच आणि पाणी दुधाळ होऊन पीएच ८.६ च्या वर गेला, तर २०० लिटरला ५० मिली साधे पांढरे व्हिनेगर वेगवान प्रवाहात हळूहळू सोडा. पीएच साधारण ०.३ ने उतरतो. तासाभराने पुन्हा मापून मगच पुढचे ठरवा.

अल्कलिनिटी कमी आणि पीएचही कमी अशी टाकी असेल तर खाण्याच्या सोड्यापेक्षा भाजलेला सोडा बरा. खाण्याचा सोडा अल्कलिनिटी वाढवतो पण पीएच वर नेत नाही, तात्पुरता किंचित खालीच आणतो. तो स्टीलच्या ताटलीत पसरून २०० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवला की सोडियम कार्बोनेट होते. १०० ग्रॅमचे सुमारे ६३ ग्रॅम उरले तर पुरते झाले, जास्त उरले तर अजून ठेवा. २०० लिटरची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला खाण्याचा सोडा ६ ग्रॅम, भाजलेला ३.८ ग्रॅम. दिवसाला १ डीकेएचच्या पुढे जाऊ नका, आणि लिटर मोजताना खडक आणि वाळूची जागा वजा करा. बेकिंग पावडर वेगळी वस्तू आहे, ती चालत नाही. पापडखारही नको, त्यात कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण दर पुडीला वेगळे असते.

सम्पमध्ये केटोमॉर्फा या हिरव्या शेवाळाचा गुच्छ ठेवून त्यावर रात्री दिवा लावला तर पहाटेची घसरण कमी होते. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्य असेल तर तो वाढणार नाही. नायट्रेट-फॉस्फेट उतरवायला व्होडका किंवा व्हिनेगरचा रोजचा डोस चालू असेल तर त्यानेही पीएच उतरतो. जीवाणू तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडतात.

वीज गेली की प्रवाह थांबतो, ऑक्सिजन संपत जातो आणि वायू साठतो. १५-२० वॅटचा एक वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) इन्व्हर्टरवर घ्या आणि त्याचे तोंड पृष्ठभागाकडे करा. स्किमर परत सुरू झाल्यावर पीएच आपोआप सावरतो, तेव्हा लगेच काही टाकू नका.

तुमच्या टाकीपुरते सांगायचे तर १०.८ डीकेएच खाली आणायला काही करू नका. डोस बंद ठेवा, प्रवाळ ती स्वतःच ८.५ पर्यंत खातील, आठवडा-दीड आठवडा लागेल. तोवर निवळीही नको. आज रात्री फक्त खिडकी तीन इंच उघडा आणि उद्या सकाळी दिवे लागण्याआधी मापा, ७.६५ चे ७.८ झाले असतील तर उरलेले काम स्किमरच्या नळीने होईल. रोज सकाळी ७.८ च्या वर आणि संध्याकाळी ८.१ पर्यंत गेला तर तिथेच थांबा, ८.४ चा हट्ट नको. अल्कलिनिटी ८.५ ला आली की भूक मापून निवळी सुरू करा, आणि जूनमध्ये पाऊस लागून एसी बंद झाला की भूक पुन्हा एकदा मापा. निवळीचा आकडा तेव्हा बदललेला असेल.